एप्रिलात बार्बाडोस: तारीख नंतर, आधी किनारा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याहून तुम्ही दोघं, न्यू जर्सीहून मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात, अशा सगळ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये आठ दिवस बार्बाडोसला एकत्र यायचं. वहिनींचे गुडघे दुखतात, शिवाय त्या शाकाहारी आहेत. तुम्हाला तिथलं केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचंच आहे. तुम्ही विचारलंत दोनच गोष्टी: हवामान कधी चांगलं आणि हॉटेल कोणतं घ्यावं.

हवामानाचं उत्तर सोपं आहे. डिसेंबर ते मे हा तिथला कोरडा हंगाम. दिवसा तीस अंशांच्या आसपास, रात्री तेवीस-चोवीस, समुद्राचं पाणी सव्वीस-सत्तावीस. पाऊस आला तरी दहा मिनिटांची सर येते आणि जाते. वादळांचा अधिकृत मोसम 1 जूनला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला संपतो, त्यामुळे मार्च-एप्रिलला ती धास्ती नाही. 2024 च्या जूनअखेरीस विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे ब्रिजटाऊनच्या, म्हणजे बार्बाडोसच्या राजधानीतल्या, हॉटेलात दिवसेंदिवस अडकून पडला होता, ते आठवत असेलच. विशेष विमान पाठवून त्यांना आणावं लागलं. तुमच्या-माझ्यासाठी कोण विमान पाठवणार?

तेव्हा हवामानाची काळजी सोडा. वीसेक वर्षं लोकांच्या कॅरिबियन सहली आखताना मी ज्या सहली बिघडलेल्या पाहिल्या, त्यातली एकही पावसाने बिघडली नव्हती. चुकीचा किनारा घेतल्याने बिघडल्या, नाहीतर वाटेतल्या व्हिसाने.

आधी किनाऱ्याचं बघू. नकाशावर बार्बाडोस कॅरिबियन बेटांच्या माळेत दिसत नाही. माळेपासून पूर्वेला सुमारे 160 किलोमीटर, एकटंच अटलांटिकमध्ये बसलंय. लांबी 34 किलोमीटर, म्हणजे 1853 साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेवढं अंतर. रुंदी 23. एवढ्याशा बेटावर ‘कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो’ असं वाटतं, आणि इथेच फसगत होते. कारण वर्षभर वारा पूर्वेकडून येतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मध्ये काहीच नाही, त्यामुळे लाटा थेट पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतात. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला, म्हणून तळ्यासारखा शांत. दक्षिण किनारा मधला: लाटा आहेत, पण बऱ्याच ठिकाणी समोरच्या प्रवाळाच्या कठड्यावर त्या फुटून येतात. आपल्या कोकणच्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण आपला सगळा वारा-पाऊस पश्चिमेकडून.

यात 2011 पासून आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे सारगासम. हे तपकिरी, तरंगणारं समुद्रशेवाळ. उष्ण कटिबंधातल्या अटलांटिकमध्ये त्याचे प्रचंड पट्टे तयार होतात आणि वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत वाहत येऊन कॅरिबियन किनाऱ्यांना लागतात. बार्बाडोसच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्याला ते आधी आणि जास्त लागतं; पश्चिमेला बहुतेकदा नाहीच. वाळूवर साचून कुजलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. चांदीच्या साखळ्यासुद्धा काळ्या पडतात त्या वायूने.

2018 च्या मे महिन्यात मी एका जोडप्याला आग्नेय किनाऱ्यावरच्या एका देखण्या हॉटेलात पाठवलं होतं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. फोटोत गुलाबी झाक असलेली वाळू आणि निळंशार पाणी. प्रत्यक्षात गुडघाभर शेवाळाचा ढीग, त्यावर फिरणारा बुलडोझर आणि खिडकी उघडायची सोय नाही. हॉटेलचा त्यात काय दोष? दोष माझा. शेवाळाचं मला माहीत होतं, पण ‘तेवढं काही नसेल’ म्हणून मी सोडून दिलं. त्यानंतर मार्च ते ऑगस्टमध्ये कोणी विचारलं की पूर्व आणि आग्नेय बाजू मी मुक्कामासाठी यादीतूनच काढते. बघायला मात्र जरूर नेते.

उरले पश्चिम आणि दक्षिण. पश्चिमेचा सेंट जेम्स परगणा म्हणजे श्रीमंतांचा किनारा. पाणी अप्रतिम, पण रस्त्याला लागून मोठ्या बंगल्यांच्या भिंती, चालायला जागा कमी आणि बिलं डोळे पांढरे करणारी. नातीसाठी पाणी उत्तम, तुमच्यासाठी मात्र संध्याकाळी करायला काही नाही. मी तुम्हाला दक्षिण किनाऱ्यावर, हेस्टिंग्ज ते रॉकली या पट्ट्यात राहायला सांगेन. तिथे समुद्राला लागून दीडेक किलोमीटरचा सपाट लाकडी पादचारी मार्ग आहे. पायऱ्या नाहीत, चढ नाही, बसायला बाकं आहेत. सकाळी सहाला अर्धं गाव तिथे चालायला येतं आणि प्रत्येक जण ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. वहिनींचे गुडघे त्या रस्त्यावर खूश होतील. रॉकलीच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. नातीला अगदी संथ पाणी हवं असेल तर टॅक्सीने दहा मिनिटांवर कार्लाइल बे आहे; ब्रिजटाऊनलगतचा तो अर्धचंद्राकृती किनारा मला पश्चिमेच्या कुठल्याही किनाऱ्याइतकाच आवडतो.

हॉटेलऐवजी दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. पाच माणसं, त्यातलं एक लहान, एक शाकाहारी. तीन वेळा बाहेर खाल्लंत तर चौथ्या दिवशी भांडणं सुरू होतील. सगळं धरून पैसे घेणारी रिसॉर्टं या बेटावर मला पटत नाहीत. तिथे तुम्ही बुफेभोवती फिरता आणि बेट बाहेर राहतं. मुक्काम मध्ये बदलूही नका. 34 किलोमीटरच्या बेटावर सामान हलवायचं कारणच नाही.

आता तारीख. तिथला महागाईचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत. थंडीला वैतागलेले ब्रिटिश, कॅनडियन आणि अमेरिकन तेव्हा बेट भरून टाकतात. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीच खोली लक्षणीय स्वस्त होते आणि हवा मात्र तशीच कोरडी राहते. म्हणून माझं सरळ मत: 18 एप्रिल ते 5 मे यातले आठ दिवस घ्या. किंमत मोजायची ती दोन गोष्टींची. एक, शेवाळ वाढायला लागलेलं असतं, पण तुम्ही दक्षिणेच्या पश्चिम टोकाला असाल आणि एखादा दिवस वाईट निघालाच तर कार्लाइल बे आहेच. दोन, ऊन. ब्रिजटाऊन 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे थेट चेन्नईच्या रेषेत. 24 एप्रिलच्या आसपास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. वाऱ्यामुळे उकडत नाही, म्हणून लोक फसतात आणि संध्याकाळी टोमॅटोसारखे लाल होऊन बसतात. अकरा ते तीन घरात झोपा काढा. आपल्याला ते जमतं.

ईस्टरचा आठवडा टाळा. ईस्टर दर वर्षी सरकतो: 2027 मध्ये 28 मार्चला, 2028 मध्ये 16 एप्रिलला. गुड फ्रायडे आणि ईस्टर सोमवार दोन्ही सुट्ट्या, दुकानं बंद, विमानं भरलेली. तिथे असालच त्या दिवसांत तर मात्र वाया जाणार नाही. ईस्टरला बार्बाडोसची पोरं पतंग उडवतात, आणि ऑइस्टिन्सच्या मासेमारी गावात त्या शनिवार-रविवारी जत्रा भरते. पण हे तुमच्या मुलाला परवडणार का, ते तिकिटं बघून ठरवा.

अडचण आहे ती नातीच्या शाळेची. न्यू जर्सीत वसंतातली सुट्टी जिल्ह्याजिल्ह्यानुसार बदलते आणि पुष्कळदा ईस्टरलाच चिकटून येते. सुट्टीत गेलात तर दुप्पट गर्दी, सुट्टीनंतर गेलात तर शाळा बुडणार. माझं विचाराल तर पहिलीतल्या पोरीची एक आठवडा शाळा बुडाली तर जग बुडत नाही. आजी-आजोबांबरोबरचे आठ दिवस पुन्हा मिळत नाहीत. पण सुनेला विचारल्याशिवाय हे बोलू नका. शाळेला कळवायचं तिलाच आहे.

आता तुम्ही न विचारलेला, पण सगळ्यात महत्त्वाचा भाग.

भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही. नव्वद दिवसांपर्यंत तसंच जाता येतं. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि प्रवासाआधी ऑनलाइन भरलेला प्रवेशाचा फॉर्म, एवढं पुरतं. हे वाचून लोक खूश होऊन तिकीट काढतात आणि मग मुंबई विमानतळावर अडकतात, कारण मुंबईहून थेट विमान नाही. वाट लंडन, अमेरिका किंवा कॅनडातून जाते आणि त्यांना नुसतं विमान बदलण्यासाठीसुद्धा आपल्याकडून व्हिसा हवा असतो. अमेरिकेत तर विमानतळातून बाहेर न पडता पुढचं विमान पकडायची सोयच नाही. प्रत्येकाला इमिग्रेशन पार करावं लागतं. लंडनला हीथ्रोहून हीथ्रोलाच पुढचं विमान असेल तर वेगळा नियम, पण हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचं असेल तर तुम्ही ब्रिटनमध्ये शिरलात, म्हणजे व्हिसाही त्या जातीचा हवा. बेटाला व्हिसा लागत नाही, बेटापर्यंतच्या वाटेला लागतो.

तुम्हा दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे असं लिहिलंत, म्हणजे प्रश्न सुटला. आधी मुलाकडे जा, चार-पाच दिवस राहा, झोपेचं घड्याळ लावून घ्या आणि मग पाचही जण न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून थेट ब्रिजटाऊनला चला. पाचेक तासांचं उड्डाण आहे. मुंबईहून सलग बार्बाडोस गाठायचं म्हणजे पूर्ण एक दिवस आणि वर काही तास. साठीनंतर ते अंगाला लागतं. एकच लक्षात ठेवा: बार्बाडोसहून अमेरिकेत परतल्यावर सहा महिन्यांची मुदत नव्याने मोजली जाईल असं गृहीत धरू नका. जवळच्या बेटांवर जाऊन आलेल्यांना अधिकारी पुष्कळदा जुनीच मुदत ठेवतात. मुंबईची परतीची तारीख पहिल्याच मुदतीत बसवा.

खरी मेख मुलाच्या बाजूला आहे. तो एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे म्हणालात. अमेरिकेत नोकरीचा कालावधी वाढवून मिळाला की मंजुरीचं पत्र येतं, पण पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का मात्र जुनाच, पुष्कळदा संपलेला असतो. अमेरिकेत राहताना त्याने काही बिघडत नाही, म्हणून कोणी बघतही नाही. कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची एक सवलत आहे, आणि तिच्या भरवशावर लोक म्हणतात, ‘बार्बाडोस काय, तिथलंच शेजारचं.’ एच-1बी वाल्यांना ती सवलत या बेटांसाठी नाही. विद्यार्थी व्हिसावाल्यांना आहे, म्हणून गोंधळ होतो. शिक्का संपलेला असेल तर परतीच्या विमानात मुलाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या सुनेला बसू देणार नाहीत आणि नवा शिक्का मिळेपर्यंत दोघं बाहेर. नात तिथेच जन्मलेली, तिचा पासपोर्ट अमेरिकन. म्हणजे पोर घरी जाऊ शकते आणि आई-बाप नाही. असा प्रसंग मी एकदा जवळून पाहिलाय. पुन्हा बघायची इच्छा नाही.

त्याच ओघात पिवळ्या तापाचं सांगते. बार्बाडोसहून थेट परतणाऱ्याला भारतात त्या लसीचा दाखला मागत नाहीत. पण ‘एवढं लांब आलोय तर त्रिनिदादही बघू’ किंवा ‘गयानाचा सामना बघू’ असं कोणाच्या मनात आलं, की चित्र बदलतं. ते देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. दाखल्याशिवाय तिथून आलात तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त ठरावीक सरकारमान्य केंद्रांवर मिळते. साठीनंतर ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागतं. म्हणून दुसरं बेट नकोच.

आता ओव्हल. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुम्ही लिहिलंय तुमच्या मनातलं आणि ते माझ्याही मनातलं आहे. केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाऊनच्या कडेलाच आहे. 2007 च्या विश्वचषकासाठी ते जवळजवळ नव्याने बांधलं, त्यामुळे जुनं लाकडी रूप उरलेलं नाही. बाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. सामना नसेल त्या दिवशी आत जाऊ देतात, पण आधी फोन करून विचारा. आत उभं राहिलात की मराठी माणसाला तिथे बरंच काही दिसतं. मार्च 1962 मध्ये याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, आणि आपले पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी. 1971 च्या एप्रिलमध्ये वाडेकरांच्या संघाची इथे वाताहत होत असताना गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी 150 केल्या, एकनाथ सोलकर त्यांच्या साथीला टिकून राहिला आणि दुसऱ्या डावात कोवळ्या गावसकरने नाबाद 117 करून सामना वाचवला. मग 1997 चा मार्च. 120 धावा करायच्या होत्या, सचिन कर्णधार होता, आणि आपण 81 वर गारद झालो. माझ्या वडिलांनी त्या दिवशी जेवण सोडलं होतं. आणि 29 जून 2024: सूर्यकुमारने सीमारेषेवर पकडलेला मिलरचा झेल, सात धावांनी विजय आणि बोरिवलीत वाढलेल्या रोहितने खेळपट्टीची चिमूटभर माती तोंडात घातली, ती जागा हीच.

मैदानाजवळ क्रिकेटचं एक छोटं संग्रहालय आहे, तासाभरात होतं. पण जमलं तर केव्ह हिलला, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या आवारातल्या थ्री डब्ल्यूज ओव्हलवर जा. वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स, बार्बाडोसचे हे तिघं थोर फलंदाज तिथेच विसावले आहेत. तिथे फारसे पर्यटक येत नाहीत. टॅक्सीवाल्याला सांगितलंत की ‘भारतातून वॉरेलला भेटायला आलोय’, तर तो मीटर नसलेल्या टॅक्सीचं भाडंही कमी करेल.

मीटर नसतो, हे खरंच लक्षात ठेवा. टॅक्सीची भाडी साधारण ठरलेली असतात, पण बसण्याआधी आकडा विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: ‘बेजन की अमेरिकन?’ बेजन म्हणजे तिथला, स्थानिक. बार्बाडोसचा डॉलर 1975 पासून अमेरिकन डॉलरला पक्का बांधलेला आहे, दोनास एक. दोन्ही नोटा सगळीकडे चालतात. ‘चाळीस’ म्हणजे कोणते चाळीस हे आधी ठरलं नाही, तर उतरताना वाद होतो आणि चूक तुमचीच ठरते. रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका. दुकानात आणि रेस्टॉरंटात 17.5 टक्के व्हॅट असतो, त्यावर पुष्कळ ठिकाणी सेवाशुल्क. जवळजवळ सगळा माल जहाजाने येतो, त्यामुळे चीज, सफरचंद, दही यांचे भाव बघून वहिनी हबकतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.

फिरायला बस झकास. साडेतीन बेजन डॉलर, कुठूनही कुठेही. सरकारी बस निळ्या, खासगी मिनीबस पिवळ्या, आणि पांढऱ्या व्हॅन, ज्यांना तिथे झेडआर म्हणतात. झेडआरमध्ये संगीत इतक्या जोरात असतं की छातीत धडधडतं; नातीला फार आवडेल, वहिनींना नाही. मुलगा गाडी भाड्याने घेणार असेल तर तिथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे. अमेरिकेत दहा वर्षं उजवीकडून चालवलेल्या माणसाला ते पहिले दोन दिवस अवघड जातं. तेव्हा पुढच्या सीटवर तुम्ही बसा आणि चौकात ओरडा. परवान्याबरोबर पर्यटकांसाठीचा वेगळा स्थानिक परवाना लागतो, तो गाडी देणाराच काढून देतो.

शाकाहाराचं फार टेन्शन घेऊ नका, पण सावध राहा. राइस अँड पीज हा भात निरुपद्रवी दिसतो, त्यात खारवलेलं मांस घालून शिजवायची पद्धत आहे. विचारल्याशिवाय घेऊ नका. मॅकरोनी पायमध्ये चीज आणि कधी अंडं. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला मऊ गोळा, आपल्या उकडीच्या जातीचा. तो तिथे उडत्या माशांबरोबर देतात, पण नुसता मागता येतो. शाकाहारी रोटी मागितलीत तर बटाट्याची भाजी गुंडाळलेली मोठी पोळी येते, चेफेट नावाच्या तिथल्या साखळी दुकानांतही मिळते. रास्ताफारी लोकांचं जेवण ‘आयटल’ म्हणून ओळखलं जातं. ते बहुतेक वेळा पूर्ण शाकाहारी आणि नारळात शिजवलेलं. आणि नीरफणस! कोकण-गोव्यात आपण ज्याची कापं करतो तोच. 1793 मध्ये कॅप्टन ब्लायने गुलामांसाठी स्वस्त अन्न म्हणून ताहितीहून त्याची रोपं कॅरिबियनमध्ये आणली. आता तिथे तो घरोघरचा. ब्रिजटाऊनच्या चीपसाइड बाजारात शनिवारी सकाळी जा, नीरफणस, भेंडी, रताळी, ओले नारळ घेऊन या आणि रव्यात घोळवून कापं करा. डाळ-तांदूळ-मसाले मोठ्या सुपरमार्केटात मिळतात. बेटावर सुरतेकडून आलेल्या गुजराती कुटुंबांची वस्तीही आहे. मासे खाणाऱ्यांसाठी शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स. मेन्यूवर ‘डॉल्फिन’ दिसलं तर दचकू नका. तो माहीमाही मासा, डॉल्फिन नव्हे. उडता मासा खायला वसंत योग्य, त्याचा हंगाम डिसेंबर ते जून असतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या. चुनखडीच्या प्रवाळी थरांतून गाळून येतं ते.

समुद्राबद्दल थोडं कडक बोलते. पूर्वेच्या बाथशेबाला सगळ्यांनी जा, मोठमोठे दगड आणि फेसाळ लाटा बघा, पण पाण्यात गुडघ्यापलीकडे कोणीही जायचं नाही, पोहणाऱ्या मुलानेही. किनाऱ्यावरच्या काही झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला दिसेल. ते मँचिनील. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि जहाल विषारी असतं. पावसात त्याखाली उभं राहिलात तर गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. नातीला पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा. कार्लाइल बेमध्ये बोटीने नेऊन कासवं आणि बुडालेली जहाजं दाखवतात; ज्या बोटीवाल्याने कासवांना मासे चारायचं आमिष दाखवलं, त्याच्याबरोबर जाऊ नका. आपल्याकडे वेळासला लोक रांगेत उभे राहून पिल्लं समुद्रात जाताना बघतात, तीच अदब तिथेही ठेवावी. एप्रिलमध्ये पूर्वेच्या वाळूवर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. आधी विद्यापीठाच्या कासव-संवर्धनवाल्यांना विचारायचं, बॅटरी लावायची नाही.

हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा ट्रामने आत नेऊन दाखवतात, त्यामुळे वहिनी आरामात बघतील. आणि उत्तरेला सेंट निकोलस अ‍ॅबी. नावात मठ असला तरी ते सतराव्या शतकातलं उसाच्या मळ्याच्या मालकाचं घर आहे. वसंतात तिथला वाफेवरचा चरक चालू असतो. तुमचं मूळ गाव कोल्हापूरकडचं म्हणालात, तर गुऱ्हाळाचा तो वास तिथे आल्यावर तुम्ही क्षणभर थबकाल. फरक एवढाच, की 1640 नंतर या बेटावर ऊस पिकला तो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या पाठीवर. 1816 मध्ये ईस्टरच्या रविवारी बुसाच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड केलं आणि मळे पेटवले. बुसाचा म्हणून ओळखला जाणारा, साखळ्या तोडणाऱ्या माणसाचा पुतळा महामार्गावरच्या एका चौकात उभा आहे. विमानतळाकडे येता-जाता दिसतो. टॅक्सी दोन मिनिटं थांबवा. 28 एप्रिलला राष्ट्रवीरांची सुट्टी असते.

किरकोळ गोष्टी: वीज 115 व्होल्टची आणि सॉकेट अमेरिकन, त्यामुळे मुलाचे चार्जर चालतील, तुमची भारतातली इलेक्ट्रिक किटली नाही. लष्करी ठिपक्यांच्या कापडाला तिथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांच्या चड्डीलासुद्धा. नातीची बॅग तपासा. पोहण्याच्या कपड्यांत दुकानात शिरणं असभ्य मानतात. दुकानात काही विचारण्याआधी ‘गुड आफ्टरनून’ म्हणा, नाहीतर उत्तर थंड मिळतं. आणि एप्रिलात जाताय म्हणून हापूसची पेटी बरोबर नेऊ नका, अमेरिकेलाही नाही आणि बार्बाडोसलाही नाही. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणीतरी नेतं.

खोली आणि विमान बघण्याआधी एक काम करा. आज संध्याकाळी साडेसातला, मुलाकडे सकाळ असताना, त्याला फोन लावा आणि त्याच्या व सुनेच्या पासपोर्टमधल्या एच-1बी आणि एच-4 (त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) च्या शिक्क्यांची शेवटची तारीख वाचून दाखवायला सांगा. ती आपल्या परतीच्या तारखेनंतरची असेल तर मला कळवा, पुढचं अपार्टमेंटचं बघू. आधीची असेल तर बार्बाडोस ठेवून द्या आणि पोर्टो रिकोचा विचार करू. तो अमेरिकेचाच भाग आहे, आणि तिथेही नीरफणस मिळतो.